एक कळस आणि चार पोरं

मुलगा अटलांटाजवळ राहतो हे तुम्हां वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना (म्हणजे नातेवाइकांना) ठाऊक आहेच. गेल्या खेपेला गेलो तेव्हा तो म्हणाला, "बाबा, उद्या तुम्हाला एक देऊळ दाखवतो." दीड तास गाडी हाकून आम्ही अथेन्स नावाच्या गावी पोचलो. ग्रीसमधलं नव्हे, जॉर्जिया राज्यातलं! १७८५ साली स्थापन झालेलं विद्यापीठ हीच त्या गावाची खरी ओळख.

ओकोनी स्ट्रीटवर त्याने गाडी थांबवली. समोर विटांचा एक जुना कळस. फक्त कळसच. खाली चर्च नाहीच! आणि माझा पन्नाशीला टेकलेला मुलगा त्याच्याकडे बघत गप्प उभा.

इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं. अर्धवट उभी वास्तू दिसली की मी चौकशी करणारच. कळलं ते असं.

हे एकोणिसाव्या शतकातलं सेंट मेरीज चर्च. पुढे तिथली प्रार्थना बंद झाली आणि पडीक वास्तूत भाडेकरू राहू लागले. त्यात मायकेल स्टाइप हा चित्रकला शिकणारा विद्यार्थी आणि पीटर बक हा रेकॉर्डच्या दुकानात काम करणारा तरुण. माइक मिल्स आणि बिल बेरी हे मेकन गावचे दोन शाळासोबती त्यांना येऊन मिळाले. ५ एप्रिल १९८० रोजी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला हे चौघे त्या चर्चमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला उभे राहिले. काही गाणी दुसऱ्यांची, काही स्वतःची. 'आर.ई.एम.' हे नावही नंतरचं, शब्दकोश चाळताना सापडलेलं.

पुढे हा बँड जगभर गाजला. पण जुने चाहते जीव टाकतात ते सुरुवातीच्या त्या चार-पाच वर्षांवर. छोट्या क्लबांतले ते कार्यक्रम कुणीतरी टेप करायचं आणि त्या कॅसेटच्या कॉप्या हातोहात फिरायच्या. आपल्याकडे खाजगी बैठकींच्या फिरतात तशाच. ९ जुलै १९८३ चा टोरांटोच्या 'लॅरीज हाइडअवे'मधला कार्यक्रम तर २००८ साली 'मर्मर' या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या नव्या आवृत्तीसोबत अधिकृतपणे निघाला. त्यातलं 'जस्ट अ टच' हे गाणं अल्बममध्ये यायला १९८६ उजाडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात, म्हणजे १९८३ च्या, डेव्हिड लेटरमनच्या टीव्ही कार्यक्रमात त्यांनी जे दुसरं गाणं वाजवलं, त्याचं तर बारसंही झालेलं नव्हतं. पुढे ते 'साउथ सेंट्रल रेन' झालं.

मला वाटतं, या प्रेमाचं मूळ इथेच असावं. तयार गाणं सगळ्यांचंच असतं. गाणं घडताना जो हजर असतो, त्याला त्यात आपलाही वाटा आहे असं वाटतं. माझ्याकडे एका घरगुती बैठकीची कॅसेट आहे. तीत मधेच कुणीतरी खोकतं, कपबश्या वाजतात. बाजारातल्या स्वच्छ ध्वनिमुद्रिकेपेक्षा मला तीच प्यारी. मग मुलाला हसायचा अधिकार मला कुठून?

खरं सांगायचं तर मी हसलो नव्हतो, ओरडलो होतो. १९९२-९३ ची गोष्ट. दोन खोल्यांचं घर, माझ्यापुढे तपासायच्या पेपरांचा गठ्ठा, आणि याचा टेप चालू. "एक तरी शब्द कळतोय का त्यातला?" म्हणून मी बटण बंद केलं होतं. त्यानंतर त्याने घरात मोठ्याने कधी गाणं लावलं नाही. कानात इअरफोन आणि तोंड भिंतीकडे.

कळसाखाली उभं असताना मी ती आठवण काढली. तो हसून म्हणाला, "बाबा, स्टाइपचे तेव्हाचे शब्द तिथल्या लोकांनाही कळत नव्हते! जो तो आपापले घालून गायचा."

चर्च १९९० साली पाडलं, शेजारी घरं झाली. कळस तेवढा वाचला. तो आज ज्यांच्या आवारात आहे ती 'नूचीज स्पेस' ही संस्था. गिटार वाजवणाऱ्या एका तरुणाने १९९६ साली आत्महत्या केली. त्याच्या आईने २००० साली ती सुरू केली. मन खचलेल्या वादकांना तिथे सरावाला जागा मिळते आणि उपचारांसाठी मदतही. हे ऐकलं आणि मला भिंतीकडे तोंड करून बसलेला सोळा वर्षांचा मुलगा दिसला. तेव्हा त्याच्या मनात काय चाललं होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. परतीच्या वाटेवर विचारलं. त्याने जे सांगितलं ते आमच्या दोघांतच राहू दे.

बँड २०११ साली थांबला. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये, त्यांचीच जुनी गाणी वाजवायला आलेल्या दुसऱ्या मंडळींच्या कार्यक्रमात, अथेन्सच्या 'फॉर्टी वॉट' क्लबात चौघेही एका गाण्यापुरते एकत्र रंगमंचावर आले. मुलाने त्याचं चित्रण मला दाखवलं. चौघांचे केस पिकलेले, आणि लोक पोरांसारखे ओरडत होते.

असो. या वेळी मी आवाज कमी करायला सांगितलं नाही. उलट म्हटलं, "अरे, जरा वाढव!"