पोथीमागचे हात

देहूहून निघालेली तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला येते, तेव्हा गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं आणि मग कीर्तनाला उभं राहतं. कीर्तनकार एकच असतो, पण त्याने चरण टाकला की ध्रुपद उचलतात ते मागचे टाळकरी. खुद्द तुकोबांचे अभंग उतरवून ठेवणारे संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ हेही टाळकरीच होते, असं परंपरा सांगते. मराठी ग्रंथांचं मूळ शोधत मागे जावं, तर कर्त्याच्या जोडीला असे हात जागोजाग भेटतात.

अगदी पहिल्या मोठ्या गद्यग्रंथापासून ते आहेत. चक्रधरस्वामींच्या पश्चात, १२७८च्या सुमारास, म्हाइंभटांनी लीळाचरित्र रचलं ते लोकांना विचारून. ज्याने जी लीळा पाहिली त्याच्याकडे जायचं, ऐकायचं, मग नागदेवाचार्यांकडून ती पारखून घ्यायची. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली, तेव्हा शिष्यांच्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. त्यातला एक पाठ हिराइसा या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. ग्रंथ टिकला तो अनेकांनी मिळून तो आपला मानला म्हणून.

पेशवाईच्या उत्तरकाळात शाहिरी फडावर हीच रीत दिसते. होनाजी शिलारखाने कवनं रचायचा, बाळा करंजकर ती गायचा. लोकांनी दोघांना वेगळं काढलंच नाही. ‘होनाजी बाळा’ असं एकच नाव झालं.

यवतहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की खुटबावनंतर केडगाव येतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. रमाबाईंचं घराणं पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरणाऱ्यांचं. ऐकणाऱ्याला कळेल असं सांगायचं, हे त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. म्हणूनच साध्या बायाबापड्यांना समजेल अशी मराठी त्यांनी धरली. छपाई मिशनच्याच छापखान्यात झाली आणि तिथल्या बायकांनीच ती केली. खिळे जुळवायचे, मुद्रितं तपासायची, फर्मे घडी करून शिवायचे, ही कामं आसऱ्याला आलेल्या मुलींच्या हातांनी पार पाडली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या; संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. मुखपृष्ठावर नाव न आलेल्या त्या मुलींचा या ग्रंथावर तितकाच हक्क आहे, असं मी मानतो.

पुढे छापील मासिकं-साप्ताहिकांच्या काळात ‘शब्दांकन’ रुळलं. अभिनेत्री हंसा वाडकर बोलल्या, अरुण साधूंनी ते शब्दांत बांधलं आणि १९७० साली ‘सांगत्ये ऐका’ पुस्तकरूपाने आलं. बोलणारीचा धीटपणा तिचाच राहू द्यायचा आणि तरी वाचकाला सलग कथा द्यायची, ही सहलेखनातली सगळ्यात अवघड कामगिरी तिथे साधली आहे. लिहिणाऱ्याने स्वतःची शैली मागे ठेवली, म्हणूनच ती साधली.

आज यवत-दौंड-शिरूरच्या वाड्यावस्त्यांवर दुष्काळाच्या, वारीच्या, तमाशाच्या फडांच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसं आहेत. लिहिता येणाऱ्यांनी त्यांच्याजवळ बसावं. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवावं, ते म्हणतील तिथे दुरुस्त करावं, आणि पुस्तकावर नाव घालताना दोघांचंही घालावं.