काच पुसणारी मेरी

श्रावणातल्या एका सकाळी आम्ही बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला निघालो होतो. पाऊस धो धो. यजमान गाडी चालवत होते, मी शेजारी. वायपर काच पुसण्याऐवजी नुसते फराटे ओढत होता. "रबर गेलंय त्याचं," मी म्हटलं. "तुला काय कळतंय गाडीतलं?" हे नेहमीचं उत्तर आलं. तेव्हा मैत्रिणींनो, हा वायपर आला कुठून, तेच सांगते.

1902 च्या हिवाळ्याच्या सुमारास मेरी अँडरसन ही बाई अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातून न्यूयॉर्क पाहायला गेली होती. ट्राममधून जाताना बर्फाचा पाऊस लागला. काचेतून दिसेना, म्हणून ड्रायव्हर बिचारा पुढची काच उघडून, तोंडावर गार वारा झेलत ट्राम हाकत होता. हे रोजचंच होतं, कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मेरीला वाटलं. घरी परतून तिनं एक युक्ती कागदावर उतरवली. आतून मूठ फिरवली की बाहेरचा दांडा रबराच्या पट्टीनं काच पुसायचा आणि स्प्रिंगनं जागेवर यायचा. पाऊस नसेल तेव्हा तो काढूनही ठेवता यायचा. 10 नोव्हेंबर 1903 रोजी तिला त्याचं पेटंट मिळालं.

पण घेणार कोण? 1905 मध्ये कॅनडातल्या एका कंपनीनं कळवलं, की यात धंद्याच्या दृष्टीनं काही दम नाही. तेव्हा मोटारीच मुळी थोड्या होत्या. 1917 मध्ये शार्लट ब्रिजवूड या दुसऱ्या एका बाईनं विजेवर चालणाऱ्या वायपरचं पेटंट घेतलं, तिच्याही पदरी काही पडलं नाही. 1920 मध्ये मेरीच्या पेटंटची मुदत संपली, आणि 1922 मध्ये कॅडिलॅकनं आपल्या गाड्यांना वायपर कायमचा बसवला! मेरीला त्यातला एक पैसाही मिळाला नाही. 1953 मध्ये, 87 व्या वर्षी ती वारली. अमेरिकेच्या संशोधकांच्या मानाच्या यादीत तिचं नाव आलं ते 2011 मध्ये.

आता मूठ फिरवावी लागत नाही. मोटर गोल फिरते आणि सांध्यांच्या दांड्या त्या फिरण्याचं इकडून तिकडे झुलणं करतात. कळ दाबली की बॉनेटखालच्या टाकीतलं पाणी छोटा पंप काचेवर उडवतो. धूळ कोरडीच पुसली तर काचेला ओरखडे पडतात, म्हणून आधी पाणी. ओटा पुसणाऱ्या बाईला हे काय शिकवायचं! पण काचेला टेकते ती अजूनही मेरीचीच रबराची पट्टी. ती कडक झाली की मोटर कितीही चांगली असो, पुढचं दिसत नाही.

पणजीला पोचल्यावर यजमानांनी काही न बोलता दोन्ही रबरं बदलून घेतली. परतताना घाटात पाऊस तेवढाच होता, पण रस्ता दिसत होता.