अनाशीचे भांडे, बिरड्याचा सण

पनवेल गावात १८४९ साली उभारलेले बेथ एल सिनेगॉग आहे. ते बांधणाऱ्या बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाची आडनावे किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर अशी. आडनावात कोकणातले गाव आणि नावात बायबल. अब्राहामचा अबाजी झाला, मोशेचा मुसाजी, शमुवेलचा सामाजी. बायबलातल्या हन्नाने देवाकडे मागून घेतलेला मुलगा शमुवेल, म्हणजे आपल्या भाषेत नवसाचा. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर नवस फेडायला सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, असे समाजात सांगतात. नावाचा उच्चार मराठी वळणाचा झाला, पण नावाला धरून असलेली नवसाची गोष्ट जिवंत राहिली. धर्मग्रंथातल्या वनस्पतींचेही कोकणात असेच झाले असे मला वाटते. झाडे, धान्ये बदलली, त्यांना चिकटलेला नियम टिकला.

याचा सर्वांत बोलका पुरावा वल्हांडणाच्या सणात सापडतो. त्या सणात आंबवलेले धान्य वर्ज्य. पण भाताच्या आणि भाकरीच्या मुलखात खमिराची रोटी मुळातच नव्हती, मग वर्ज्य करायचे काय? बेने इस्राएल या सणाला अनाशी ढाकाचा सण म्हणत. घरात आंबट रसाचे भांडे असे, त्याला अनास म्हणत. त्या दिवसांत ते झाकून ठेवायचे. गहू-जवाचे खमीर नाही, तर घरातला जो आंबट जिन्नस असेल त्यावर झाकण. हिब्रूत खमिराच्या धान्याला हामेत्स म्हणतात आणि त्याच धातूपासून आंबटाचा, शिरक्याचा शब्द येतो. ग्रंथ हाताशी नसतानाही ही नेमकी आंबटाचीच खूण धरून ठेवली गेली, हे मला थक्क करणारे वाटते. तेलाचेही तसेच. दिव्यासाठी सांगितलेले जैतुनाचे तेल कोकणात कुठले? हे लोक घाण्यावर तीळ गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले, ते त्या बंद घाण्यामुळे.

यावर आक्षेप येतो की ही जुळवणी मागाहूनची आहे. दावीद राहाबी, पुढे कोचीनचे शिक्षक, मग मिशनरी यांनी धर्म नव्याने शिकवला. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी इतिहास लिहिला तो १८९७ साली. तेव्हा जुन्या कोकणी सणांवर ज्यू अर्थ चढवला गेला असेल. बिरड्याचा सण घ्या. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा हा शोकदिन, उपास सोडायला वालाचे बिरडे. वालाचे बिरडे तर श्रावणात कोकणातल्या घरोघरी होते! आक्षेपात तथ्य आहे, बिरडे शेजारचेच. पण ज्यू परंपरेत शोकाचे अन्न मसूर, म्हणजे डाळ-कडधान्यच. मसुराच्या जागी वाल आला, वर्ग तोच राहिला. शिवाय किहीमकरांनी अर्थ सांगितला असेल, पण ‘अनाशी’ हा शब्द घडवायचे त्यांना काहीच कारण नव्हते. नव्याने शिकवलेल्या सणाला हिब्रू नाव मिळाले असते. घरातल्या भांड्याचे नाव मिळते ते आधीपासून पाळल्या गेलेल्या सणाला.

हीच गोष्ट मलिद्याची, म्हणजे आशीर्वाद म्हणून वाटायच्या ताटाची. मलिदा हा शब्द फारसी, तो दर्ग्यातही चालतो; तेव्हा उसनवारी नाकारण्यात अर्थ नाही. पण ताटाकडे नीट पाहावे. गूळ-खोबरे घातलेले पोहे, खजूर, फळे, सुवासासाठी सबजाची डहाळी. त्यांवर एकच आशीर्वाद म्हणत नाहीत: झाडाच्या फळाला वेगळा, जमिनीच्या फळाला वेगळा, सुगंधाला वेगळा. खजूर झाडाचा, अनुवादाच्या पुस्तकात वचनदत्त देशाची जी सात पिके सांगितली आहेत त्यांतला ‘मध’ म्हणजे खजुराचाच, असे मानतात. केळ मात्र जमिनीचे, कारण घड निघाला की केळीचे खोड मरते. पॅलेस्टाईनच्या शेतीतून निघालेला हा भेद कोकणातल्या केळीलाही लागला. हे हिब्रू आशीर्वाद उशिरा आले असतील, तरी ते लावायला ताट तयारच होते. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एक खडक आहे. एलिया संदेष्ट्याच्या अग्निरथाच्या आणि घोड्यांच्या खुणा त्यावर उमटल्या, अशी समाजाची श्रद्धा आहे. शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे ज्यू पंचांगातल्या झाडांच्या नववर्षाला, त्याच एलियाचा, म्हणजे एलियाहू हनाबीचा, उरूस भरतो आणि त्या दिवशी मलिद्याच्या ताटात त्या हंगामाची फळे ठेवतात.