शुश्रूषेचा अर्थ : जामखेडच्या परिचर्येविषयी एक टिपण

खर्डा हे नाव इतिहासाच्या अभ्यासकास ११ मार्च १७९५ रोजी झालेल्या मराठे व निजाम यांच्या लढाईमुळे परिचित आहे. त्याच जामखेड तालुक्यात १९७० नंतर परिचर्येच्या क्षेत्रात जे घडले, त्याकडे मात्र इतिहासलेखकांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून सिद्ध झाला आहे. ‘ऐकण्याची इच्छा’ हा त्याचा मूळ अर्थ. त्यावरून आज्ञापालन आणि पुढे सेवा. रुग्णालयातील परिचारिकेच्या वाट्यास यांपैकी मधला अर्थच दीर्घकाळ आला. डॉक्टरांनी सांगावे आणि तिने करावे, अशी ती रीत. वस्तुतः आधुनिक परिचर्येचा आरंभ असा नव्हता. क्रिमियन युद्धातील मृत्यूंची कारणवार मांडणी करून फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये दाखवून दिले की, जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले. पुढे नाइटिंगेलबाईंचा दिवा लोकांच्या ध्यानात राहिला, वही विसरली गेली.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरंभी गावोगावी परिचारिका नेमण्याचा प्रयत्न झाला. परंतु बाहेरून आलेल्या तरुण मुलीचा सल्ला गाव मानीना. तेव्हा गावातीलच स्त्रियांची निवड करण्यात आली. त्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. त्या ठरलेल्या दिवशी जामखेडला येत, शिकत आणि गावातील जन्म, मृत्यू व आजार यांची हकीकत सांगत. फिरते पथक त्यांच्या गावी जाई. या व्यवस्थेत परिचारिकेचे स्थान पालटले. ती शिक्षिका झाली; आणि ‘असे का?’ असे विचारणाऱ्या प्रौढ स्त्रीपुढे नियमाचा हवाला पुरत नाही, कारण सांगावे लागते. पुराव्याची सवय रुग्णालयात वरून येते असा समज आहे. जामखेडला ती खालून आली, असे म्हणावयास हरकत नाही.

अतिसाराचे उदाहरण घ्यावे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महलनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याची उपयुक्तता सिद्ध केली. हे ज्ञान घरच्या चुलीपर्यंत नेण्यास सलाइनची बाटली नव्हे, शेजारणीचा शब्द लागतो.

प्रकल्पाच्या गावांतील बालमृत्यूंचे प्रमाण आरंभी दर हजारी १७६ होते. १९९० च्या दशकात ते तिसाच्या आत आले. याचे सारे श्रेय परिचर्येस देणे धाडसाचे होईल, कारण पिण्याचे पाणी, आहार आणि महिला मंडळे यांचे कार्यही त्याच काळात चालू होते. ‘पुराव्याधिष्ठित वैद्यक’ ही संज्ञा १९९२ च्या सुमारास रूढ होऊ लागली, तेव्हा जामखेडच्या गावांतील मोजणीला दोन दशके होत आली होती.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ मध्ये ‘आशा’ योजना आणली आणि निवडीसाठी आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अपेक्षा ठेवली. जामखेडच्या पहिल्या पिढीतील पुष्कळ स्त्रिया त्या कसोटीस उतरल्या नसत्या.