शिळफाट्याच्या पोरांच्या वाटा

वैशाखात रायगडातल्या बऱ्याच नद्यांच्या पात्रात गोटे आणि डबकी उरतात. आमची पाताळगंगा मात्र भर मे महिन्यात वाहत असते आणि त्याचं कारण मुंबई. घाटमाथ्यावर वळवण, लोणावळा आणि शिरवटा या तलावांत अडवलेलं पाणी पाचशे मीटरांहून जास्त उंचीवरून नळांतून खाली खोपोलीच्या टाटा वीजघरात येतं, जनित्रं फिरवतं आणि मग नदीत सोडलं जातं. १९१५ साली हे वीजघर सुरू झालं ते मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी. गिरण्या गेल्या, पाणी येत राहिलं. खोपोली-शिळफाट्याच्या पोरांच्या कितीतरी पिढ्या त्या पाण्यात पोहायला शिकल्या. त्यातली मी एक.

सत्तरच्या दशकात मी शिळफाट्याला वाढले. वडिलांचं फाट्यावर चहाचं हॉटेल होतं. बोरघाट चढण्याआधी ट्रक इथे थांबायचे. ड्रायव्हर रेडिएटरमध्ये पाणी भरायचे, टायर ठोकून बघायचे, चहा प्यायचे. १८३० साली जॉन माल्कम गव्हर्नर असताना घाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून घाटाच्या पायथ्याचा हा मुलूख थांबणाऱ्यांवर जगत आला आहे. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि घाटातला लोहमार्ग १८६३ साली खुला होईपर्यंत पुण्याचे प्रवासी इथे उतरून डोंगर चढत. आमच्या वेळी थांबणारे होते ट्रकवाले, आणि त्यांच्या मागून आलेली पंक्चरवाल्यांची आणि गॅरेजांची दुकानं. पोरांची सगळी खेळणी तिथून यायची. ठिगळं लावून थकलेली ट्रकची ट्यूब पंक्चरवाला देऊन टाकायचा. तीत हवा भरली की पाच-सहा जण तिला लटकून नदी पार करायचे. त्याआधीची पिढी कमरेला पांगाऱ्याच्या लाकडाचं बिंडं बांधून पोहायला शिकली होती. गॅरेजातले झिजलेले बेअरिंग फळीला ठोकले की गाडी तयार, मग उतारावर तिचा खडखडाट गावभर ऐकू जायचा.

नदीत उतरण्याची एक रीत होती आणि ती मोठ्या पोरांनी लहानांना शिकवलेली होती. वीजघरातून पाणी कमी-जास्त व्हायचं. सकाळी आणि दिवेलागणीच्या सुमाराला, म्हणजे मुंबईला वीज जास्त लागायची तेव्हा, ते चढायचं. म्हणून पाण्यात शिरण्याआधी काठावर, पाण्याच्या रेषेपासून वीतभर वर, एक पांढरा गोटा मांडून ठेवायचा. त्याच्यावर नजर ठेवायला एकाला बसवायचं. तो बहुधा ज्याच्या कडेवर धाकटं भावंड असेल असा. गोट्याचा तळ ओला झाला की तो ओरडायचा, आणि पाण्यात कितीही रंगात आलेला खेळ असला तरी सगळ्यांनी बाहेर यायचं. न येणाऱ्याला दुसऱ्या दिवशी ट्यूब मिळायची नाही. माझ्या कडेवर भाऊ असायचा, त्यामुळे गोट्यापाशी मी पुष्कळ बसले आहे. ओल दगडावर कशी चढते ते मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते: आधी खालची कड काळी पडते, मग ती काळी रेघ दगडाच्या पोटाशी येते आणि मग पाणी हलकेच त्याच्या मागच्या बाजूने शिरतं. कुठल्याही मोठ्या माणसाने आम्हाला हे शिकवलं नव्हतं.

आमच्या पिढीची माणसं त्या दिवसांबद्दल बोलायला लागली की एक वाक्य हमखास येतं: आमच्यावर कुणाचं लक्ष नव्हतं. मला हे पटत नाही. लक्ष होतं, फक्त ते आईबापांचं नव्हतं. शिळगावापासून फाट्यापर्यंत कुठेही भेटलेलं मोठं माणूस विचारायचं, "तू कुणाची गं?" उत्तर दिलं की त्या माणसाला पुढचं सगळं कळायचं; संध्याकाळी पोरगी कुठे दिसली ही बातमी हॉटेलात आमच्या आधी पोचलेली असायची. कार्तिकी एकादशीला साजगावात बोंबल्या विठोबाची यात्रा भरते, आजही भरते. सुक्या मासळीचा मोठा बाजार असतो, बोंबील-सुकटीचा वास रस्त्यापर्यंत येतो. त्या गर्दीत आम्ही पोरं पोरंच जायचो, मुठीत नाणी घट्ट धरून. कुणी चुकलं तर ओळखीचा बैलगाडीवाला त्याला गाडीत घालून फाट्यावर आणून सोडायचा. आईला याचं विशेष काही वाटायचं नाही. तिला ठाऊक होतं की वाटेवर माणसं आहेत.

आणि वाटा होत्या. मला जे सांगायचं आहे ते हेच. आमची मोकळीक आईबापांच्या स्वभावात नव्हती, ती जमिनीत होती. भात कापून झालं की खाचरं गुरांना मोकळी व्हायची आणि गुरांमागे पोरांना. शेत कुणाचं, हा प्रश्न पेरणीपासून कापणीपर्यंतचा. त्यानंतर शिळफाट्याहून महडच्या वरदविनायकापर्यंत बांधाबांधाने सरळ चालत जाता यायचं. माघी चतुर्थीला आम्ही तसेच जायचो. डोंगरउतारावरची करवंदं-जांभळं कुणाची नव्हती. शिमग्याच्या आधी होळीसाठी लाकडं गोळा करायला पोरांच्या टोळ्या रात्री बाहेर पडायच्या आणि परड्यातला ओंडका, मोडका खांब, तुटकी बाज उचलून न्यायच्या. मालक शिव्या घालायचा आणि होळीला नारळ घेऊन यायचा.

पहिल्या मोठ्या पावसानंतरची वलगण तर अशी की तिच्यासाठी शाळा बुडाली तरी कुणी बोलायचं नाही. नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यात आणि ओढ्यातून खाचरात चढतात. शिंगटी, खवली गुडघाभर पाण्यात हाताला लागतात. बायका जुनं लुगडं दोन टोकांना धरून पाण्याच्या तोंडाशी उभ्या राहायच्या, पुरुष रात्री बत्त्या घेऊन यायचे, पोरं टोपल्या घेऊन मधे. शेताच्या मालकाची अट एवढीच, की बांध फोडायचा नाही. खेकड्याच्या बिळात हात कसा घालायचा, नांगी कुठून धरायची, हे मला कातकरवाडीतल्या माझ्या मैत्रिणीने शिकवलं. मला शाळेत ज्यांनी शिकवलं त्यांच्याइतकीच ती माझी गुरू.

तिचं नाव निघालं की मला हेही सांगावं लागतं, की मोकळं बालपण सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलं नाही. दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची आणि पाऊस तोंडावर आला की परत यायची. आम्ही खाचरांतून धावत होतो तेव्हा ती विटा उचलत होती. आम्हा मुलींचंही असंच. न्हाण आलं की नदी बंद झाली; पाणी भरायला जाणं एवढाच नदीशी संबंध राहिला. माझा भाऊ मात्र पुढे कितीतरी वर्षं पोहत होता. आणि नदीने पोरं नेलीही. गोटा मांडूनही नेली. त्यांच्या आया आजही त्या वाटेने जात नाहीत. तेव्हाचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. त्यातलं जे चांगलं होतं ते कशामुळे होतं हे मात्र नीट सांगायला हवं.

कारण मुलं बाहेर दिसत नाहीत याचा दोष आज भलत्यालाच दिला जातो. आधी दूरदर्शनला दिला, आता मोबाइलला. पुढे मी प्राथमिक शाळेत शिकवलं आणि मुलं घरात शिरताना माझ्या डोळ्यांदेखत पाहिली. ती मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी शिरली. नव्वदच्या दशकात कर्जत-खालापुरात मुंबईकरांची फार्महाउसं वाढली. खाचरं विकली गेली, बांधांच्या जागी तारेची कुंपणं आणि भिंती आल्या, फाटकावर राखणदार बसले. तो राखणदार "तू कुणाचा?" असं विचारत नाही, कारण उत्तराने त्याला काही कळत नाही. गुरं कमी झाली, तशी गुराखी पोरं गेली. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा हा रस्ता दोन्ही बाजूंनी बंदिस्त आहे, आणि तो असायलाच हवा. पण खालापूर तालुक्यात त्याने जितक्या पायवाटा कापल्या तितके भुयारी रस्ते काही झाले नाहीत. जिथे झाले तिथवर वळसा घालून जावं लागतं, आणि आठ वर्षांचं मूल असा वळसा घालत नाही. नदीचं तर बोलायलाच नको. राज्यातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पाताळगंगेचं नाव आहे.

हे फक्त इथेच घडलं असंही नाही. मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये एक पाहणी केली होती. १९७१ साली तिथली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात. १९९० साली हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं होतं. 'वन फॉल्स मूव्ह' या त्यांच्या अहवालातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं: रस्त्यावरच्या अपघातांत मरणाऱ्या मुलांची संख्या त्या काळात घटली होती आणि सरकार त्याला रस्ते सुरक्षित झाल्याचा पुरावा मानत होतं. हिलमन म्हणाले, रस्ते सुरक्षित झालेले नाहीत, रस्त्यांवरून मुलं काढून घेतली गेली आहेत. आमच्या फाट्यावर आज संध्याकाळी उभं राहिलं तर हेच दिसतं. ट्रक, डंपर, टुरिस्ट गाड्या, रिक्षा, आणि रिक्षातून क्लासला जाणारी मुलं. पायी एकही नाही. मग आईबाप मुलांना सोडत नाहीत म्हणून त्यांना बोल लावायचा? त्या चौकात माझ्या नातवाला मीही एकट्याला सोडत नाही.

म्हणून आठवणी काढून हळहळणाऱ्यांना, आणि विशेषतः खेड्यात अजून जमीन-घर असलेल्यांना, माझी एक विनंती आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावाचा नकाशा काढून घ्या. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते आणि पायवाट एका तुटक रेषेने. त्या पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे. गुरचरण कोणत्या गटात आहे तेही दिसेल. मग नातवंडांना घेऊन त्या रेषांवरून चालत जा आणि कुठे भिंत आडवी येते ते पाहा. वहिवाटीची वाट नव्याने अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतो. अर्ज मात्र वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.