कन्येचा वर देणारी कोराडीची जगदंबा

नागपूर शहराच्या उत्तरेस, छिंदवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे पंधरा किलोमीटर अंतरावर कोराडी हे गाव आहे. औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या दुरूनच नजरेत भरतात. त्यांच्या परिसरातच तलावाच्या सान्निध्यात श्री महालक्ष्मी जगदंबेचे मंदिर उभे आहे. कामठी तालुक्यातील या गावात वीज केंद्र १९७४ च्या सुमारास सुरू झाले. देवीचे स्थान मात्र त्याहून कितीतरी जुने आहे. नवसाला पावणारी माता अशी तिची विदर्भात ख्याती असून आश्विन आणि चैत्र या दोन्ही नवरात्रांत येथे भाविकांची रीघ लागते.

जाखापूरची आख्यायिका

देवीची मूर्ती स्वयंभू मानली जाते. सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि सायंकाळी प्रौढा अशा तीन रूपांत ती दर्शन देते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. कोराडीचे प्राचीन नाव जाखापूर असल्याचे सांगितले जाते. आख्यायिकेनुसार तेथे झोलन नावाचा राजा राज्य करीत होता. जनोबा, नानोबा, बानोबा, बैरोबा, खैरोबा, अग्नोबा आणि दत्तासूर असे सात पुत्र त्याला होते. तरीही राजा उदास असे, कारण त्याला कन्या नव्हती. त्याने यज्ञ केले, हवन केले, तपश्चर्या केली आणि देवीकडे एकच वर मागितला, तो कन्येचा. या तपाचे फळ म्हणून साक्षात जगदंबा त्याच्या घरी कन्यारूपाने प्रकट झाली. कठीण प्रसंगी तिने पित्याला योग्य मार्ग दाखविला, न्यायाचा निर्णय दिला आणि अवतारकार्य संपल्यावर सूर्यास्तसमयी ती ज्या ठिकाणी थांबली, तेच आजचे कोराडी, असे मानतात.

वर आणि नवस

देवीला ‘वरदा’ म्हणजे वर देणारी म्हटले जाते. तळहात पुढे व बोटे खाली असलेली हाताची मुद्रा ‘वरदमुद्रा’ म्हणून ओळखली जाते. मार्कंडेय पुराणातील तेरा अध्यायांच्या देवीमाहात्म्याचा शेवटही वरदानानेच होतो. राज्य गमावलेला सुरथ राजा आणि घरच्यांनी बाहेर काढलेला समाधी नावाचा वैश्य हे दोघे नदीकाठी मातीची मूर्ती करून तीन वर्षे उपासना करतात. राजा गेलेले राज्य मागतो, तर वैश्य ‘मी’ आणि ‘माझे’ यांतून सोडविणारे ज्ञान मागतो. देवी दोघांनाही तथास्तु म्हणते. काय मागावे, हे मात्र ती मागणाऱ्यावरच सोपविते.

विदर्भात या परंपरेचे आणखी एक ठळक उदाहरण अमरावतीच्या अंबादेवीचे आहे. कौंडिण्यपूरची राजकन्या रुक्मिणी विवाहापूर्वी या देवीच्या दर्शनास आली आणि तेथूनच श्रीकृष्णाने तिचे हरण केले, अशी कथा सांगितली जाते.

पुराणातील वर तपाने मिळतो, तर लोकजीवनातील नवस हा देवीशी केलेला करार असतो. इच्छा पूर्ण झाल्यास अमुक अर्पण करीन, असे वचन भाविक देतो आणि ते पाळणे म्हणजे नवस फेडणे. खणानारळाने ओटी भरणे, साडीचोळी नेसविणे, पायी वारी करणे ही त्याची रूढ रूपे आहेत. कोराडीत नवरात्रात अखंड मनोकामना ज्योत लावण्याची प्रथा विशेष प्रचलित आहे. भाविकांच्या नावे लावलेल्या या ज्योती घटस्थापनेपासून नऊ दिवस तेवत ठेवल्या जातात.

या समजुतीवर महाराष्ट्रात आतूनच टीकाही झाली आहे. नवसाने अपत्यप्राप्ती होते या कल्पनेचा संत तुकारामांनी सतराव्या शतकातच आपल्या अभंगांत रोखठोक समाचार घेतला होता.

मागणे कोणाचे?

नवसाच्या परंपरेत पुत्रप्राप्तीचे मागणे सर्वत्र आढळते. या पार्श्वभूमीवर कोराडीची आख्यायिका वेगळी ठरते. सात पुत्रांचा पिता येथे मुलीसाठी तप करतो आणि खुद्द देवीच त्याची मुलगी होते.

वास्तवातील चित्र मात्र उलट दिशेने गेले. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती. २००१ मध्ये ती ९१३ वर आणि २०११ मध्ये ८९४ वर घसरली. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला होता. त्यानंतर १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही गर्भातील बाळाचे लिंग बदलून देण्याचा दावा करणाऱ्या भोंदूंवर कारवाईची तरतूद केली. कायदे झाले, तरी मागणे सहजासहजी बदलत नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

नवरात्रात अष्टमी-नवमीला घरोघरी कुमारिकांना बोलावून त्यांचे पाय धुतले जातात, त्यांना जेवू घातले जाते. त्या दिवशी मुलीत देवी पाहिली जाते. झोलन राजाच्या कथेने तीच गोष्ट वर्षाच्या सर्व दिवसांसाठी सांगितली आहे. कोराडीच्या गाभाऱ्यासमोर पुत्रासाठी पदर पसरणाऱ्या भाविकाने एवढे तरी स्मरणात ठेवावे की, ज्या देवीकडे तो मागत आहे, ती स्वतःच एका पित्याला मिळालेले कन्येचे वरदान आहे.