डोंगरउतारावर घर बांधताना
आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी दरड कोसळून १५१ जणांचा बळी गेला. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात घर बांधू इच्छिणाऱ्याने म्हणूनच जागा ऐन पावसाळ्यात एकदा पाहून घ्यावी. सातबारा निर्वेध असला, तरी उतार निर्वेध असेलच असे नाही! उतार उभा कापून जागा सपाट केल्यास वरच्या मातीचा आधार जातो. पाणी मुरून ती जड झाली की घसरते. यासाठी घरामागे पाणी वळविणारा चर खणावा, नैसर्गिक ओहोळ बुजवू नये आणि वरची झाडे राखावीत. जमिनीस भेगा पडल्या, खांब वा झाडे कलली किंवा झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर घर तत्काळ सोडावे व तलाठ्यास कळवावे.